दुभंगलेला ओठ : बाळ रडलं की नाकपुडीखाली फुगवटा का येतो? स्नायूबद्दल माहिती हवी आहे

अबोली_सातारा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझा मुलगा आता तीन महिन्यांचा होईल. त्याचा वरचा ओठ जन्मतःच डाव्या बाजूला दुभंगलेला आहे. फट ओठाच्या लाल भागापासून निघून जवळजवळ नाकपुडीपर्यंत गेली आहे. नाकपुडीच्या तळाशी मात्र कातडीची एक बारीक पट्टी शाबूत आहे. टाळू बालरोगतज्ज्ञांनी बोट फिरवून आणि टॉर्च लावून पाहिली, ती व्यवस्थित आहे म्हणाले. सुरुवातीला पाजताना फार ओढाताण झाली, आता अंगावर नीट पितो. वजन वाढतंय. ऑपरेशनची तारीख मिळायची आहे.

घरात सगळे म्हणतात, "दोन टाके घातले की झालं, काळजी कसली करतेस." सर्जन मात्र म्हणाले, "कातडी जोडणं सोपं आहे, खरं काम आतल्या स्नायूचं." ओपीडीत इतकी गर्दी होती की पुढे काही विचारता आलं नाही.

मला एक गोष्ट खटकते. बाळ झोपलेलं असताना फट लहान दिसते. रडायला लागलं की डाव्या नाकपुडीच्या खाली, फटीच्या बाहेरच्या कडेला, एक टणक फुगवटा वर येतो, फट रुंदावते आणि नाकपुडी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. रडणं थांबलं की फुगवटा गायब. ही गाठ आहे का? त्या बाजूला स्नायू नाहीच, की आहे पण अर्धवट आहे? आणि पुढे याला फुगा फुगवता येईल का, शिट्टी वाजवता येईल का, 'प' 'ब' 'म' नीट म्हणता येतील का?

ज्यांना माहिती आहे किंवा जे यातून गेले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ

अबोली, मी प्लास्टिक सर्जन आहे, माझ्या कामातला मोठा हिस्सा अशाच बाळांचा असतो. तुमचं निरीक्षण इतकं नेमकं आहे की उत्तराची निम्मी वाट तुम्हीच चालून आला आहात.

तो फुगवटा गाठ नाही. तो तुमच्या बाळाच्या ओठाचा स्नायू आहे. तो जिवंत आहे, जोरकस आहे, फक्त भलतीकडे चिकटलेला आहे.

तोंडाभोवती फिरणारा जो स्नायू असतो त्याला ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस म्हणतात. तो बटव्याच्या नाडीसारखं काम करतो, आकसला की ओठ मिटतात. नाडी एका जागी तुटली आणि कुणी ती ओढली, तर तुटलेली दोन्ही टोकं एकमेकांपासून दूर पळतील. रडताना फट रुंदावते ती यामुळे.

आता थोडं खोलात जातो, कारण 'तुटलेला' या शब्दाने पूर्ण चित्र उभं राहत नाही. या स्नायूचे दोन थर असतात. खोलवरचा थर तोंडाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जातो, ओठ मिटवण्याचं काम त्याचं. वरवरचा थर हावभावाच्या स्नायूंशी जोडलेला असतो. त्याचे तंतू मधोमध एकमेकांना ओलांडतात आणि पलीकडच्या बाजूच्या कातडीत जाऊन रुततात. नाकाखाली मधे जी उभी खळगी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ज्या उंचवट्याच्या रेषा असतात, त्या या ओलांडणाऱ्या तंतूंमुळे उमटतात. आरशात बघा, लगेच दिसतील.

गर्भात वरचा ओठ तयार होतो तो साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात. मधला भाग नाकाच्या बाजूने खाली येतो, दोन्ही गालांकडचे भाग आत सरकतात आणि एकमेकांना मिळतात. स्नायूच्या पेशी त्यानंतर कानाच्या बाजूने चेहऱ्यावर पसरत येतात. मधला सांधा जुळलेला असेल तर त्या ओठ ओलांडून पलीकडे जातात. तुमच्या बाळात डावीकडचा सांधा जुळला नाही, त्यामुळे स्नायूला पलीकडे जायला वाटच मिळाली नाही. मग तो फटीच्या कडेकडेने वर वळला आणि जे हाताला लागलं त्याला धरून बसला. बाहेरच्या तुकड्यातला स्नायू नाकपुडीच्या पाकळीच्या मुळाशी आणि तिथल्या हाडाच्या कडेला चिकटतो. आतल्या तुकड्यातला स्नायू नाकाच्या मधल्या खांबाच्या तळाशी जाऊन बसतो. आडवे जायला हवेत ते तंतू जवळजवळ उभे होतात.

यातून नाकाचं वाकडेपणही समजतं. डावीकडचा स्नायू नाकपुडीची पाकळी बाहेर, खाली आणि मागे ओढतो. उजवीकडच्या स्नायूला पलीकडून तोलणारं कुणी नसतं, म्हणून तो मधल्या पडद्याचं पुढचं टोक उजवीकडे खेचतो. डाव्या नाकपुडीची कूर्चा चपटी होऊन पसरते. पालक विचारतात, "ओठाचं ऑपरेशन आहे, मग नाकाला हात का लावता?" स्नायू नाकापासून सोडवल्याशिवाय ओठ जुळतच नाही, आणि तो सोडवला की नाक आपोआप थोडं जागेवर येतं. म्हणून दोन्ही कामं एकत्रच करावी लागतात.

तुम्ही लिहिलेल्या पट्टीबद्दल. नाकपुडीच्या तळाशी शिल्लक राहणाऱ्या कातडीच्या पट्टीला सिमोनार्टची पट्टी म्हणतात. तिच्यामुळे नाकाचा तळ फार फाकत नाही, हा फायदा. पण तिच्यातून स्नायू पलीकडे गेला असेल असं समजू नका. प्राग शहरातले सर्जन मिरोस्लाव्ह फारा यांनी १९६८ साली मृतावस्थेत जन्मलेल्या अर्भकांच्या ओठांचं विच्छेदन करून दाखवून दिलं की शाबूत राहिलेला भाग ओठाच्या उंचीच्या निदान एक तृतीयांश असल्याशिवाय स्नायूचे तंतू तो ओलांडत नाहीत. बारीक पट्टीत कातडी असते, स्नायू जवळपास नसतोच.

रानपाखरू

डॉक्टरांनी लिहिलंय ते मी चेहऱ्यावर घेऊन वाढलो, म्हणून लिहितो.

माझाही डावा ओठ. लहानपणीच ऑपरेशन झालं, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात. फट नीट बंद झाली. शाळेच्या फोटोत फक्त एक पांढुरकी रेष दिसते. पण हसलो की रेषेच्या बाहेरच्या बाजूला ओठाचा गोळा वर यायचा आणि मधला भाग तसाच सपाट राहायचा. फोटो काढताना मी ओठ घट्ट मिटून उभा राहायचो, ती सवय इतकी मुरली की लग्नाच्या अल्बममध्येही एक हसरा फोटो नाही. जत्रेतली पिपाणी वाजवायला गेलो की डावीकडून हवा सुटायची. चहा फुंकतानाही तेच.

कॉलेज संपल्यावर मुंबईत एका सर्जननी तपासलं. त्यांनी मला हसायला सांगितलं, ओठांचा चंबू करायला सांगितलं, गाल फुगवायला सांगितले, मग व्रणाच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून पुन्हा तेच करायला लावलं. म्हणाले, कातडी जुळली आहे, खालचा स्नायू कधी जोडलाच गेला नाही, तो अजून नाकापाशी बसलाय. पुन्हा ऑपरेशन करून जुना व्रण उघडला, स्नायू सोडवून मधोमध शिवला. सूज उतरायला वेळ लागला. आता हसताना दोन्ही बाजू एकत्र वर जातात.

अबोली, तुमचे सर्जन स्वतःहून स्नायूची गोष्ट काढतात याचा मला फार आनंद झाला. माझ्या आईवडिलांना त्या वेळी असं सांगणारं कुणी नव्हतं.

अबोली_सातारा

डॉक्टर, रानपाखरू, दोघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले.

अजून एक विचारायचं आहे. डावीकडचा ओठ मुळातच कमी बनलाय का? मला तो भाग उंचीला कमी वाटतो आणि लाल भागही फटीजवळ निमुळता होत जातो.

कृष्णाकाठ

हा आमच्या क्षेत्रातला जुना वाद आहे. सगळं काही आहे, फक्त जागेवरून हललंय, असं एक मत. ऊती मुळातच कमी आहेत, असं दुसरं. माझ्या अनुभवात दोन्ही थोडं थोडं खरं असतं, आणि प्रमाण प्रत्येक बाळात वेगळं.

ओठ आखूड दिसतो त्यात मोठा वाटा ओढीचा आहे. उभ्या दिशेने चिकटलेला स्नायू ओठ वर खेचून धरतो. तो सोडवला की टेबलावरच ओठ डोळ्यांदेखत खाली उतरतो. हे पाहताना मला आजही बरं वाटतं.

पण काही उणीव खरीच असते. फटीच्या आतल्या, म्हणजे मधल्या बाजूला ओठाचा कोरडा लाल भाग अरुंद असतो. बाहेरच्या बाजूचा थोडा लाल भाग तिथे आणून बसवावा लागतो, नाहीतर ओल्या भागाचा ओलसर पट्टा बाहेर दिसत राहतो आणि सारखा सुकून सोलतो. कातडी आणि लाल भाग यांच्या मधे जी फिकट उंचवट्याची कड असते ती दोन्हीकडून तंतोतंत जुळवावी लागते. एका मिलिमीटरची चूकही समोर बसून बोलणाऱ्याच्या नजरेत भरते.

स्नायूचंही तसंच. फटीच्या कडेचा स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तंतूंची जाडी कमीजास्त, मांडणी विस्कळीत आणि मधे तंतुमय ऊती जास्त आढळतात. कडेपासून दूर गेलं की तो सर्वसाधारण स्नायूसारखा दिसू लागतो. हा दोष मूळचा की टोकाला धड आधार नसल्याने झालेला, यावर संशोधकांचं एकमत नाही. रक्तवाहिनीही वाट बदलते. वरच्या ओठाची धमनी मधोमध जाण्याऐवजी फटीच्या कडेने नाकपुडीकडे चढते.

दोन्ही बाजूंनी पूर्ण फट असलेल्या बाळांत तर मधल्या तुकड्यात स्नायू अजिबात नसतो. तिथे दोन्हीकडचा स्नायू सोडवून मधल्या कातडीखालून एकमेकांना भेटवावा लागतो. अशा बाळांचं वरच्या हिरडीचं मधलं हाड पुढे आलेलं असतं, कारण त्याला मागे दाबून धरणारा ओठाचा पट्टाच नसतो. ओठ जुळला की त्या दाबानेच हाड महिन्यामहिन्याने मागे सरकतं.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. आतलं अस्तर, स्नायू आणि कातडी असे तीन थर वेगळे करून वेगळे शिवतात. सगळा ताण स्नायूच्या टाक्यांनी घ्यायचा, म्हणजे कातडी सैल राहते आणि व्रण बारीक पडतो. कातडीचा छेद कसा घ्यायचा याच्या अनेक पद्धती आहेत. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध राल्फ मिलार्ड यांची, १९५५ साली स्टॉकहोमच्या परिषदेत त्यांनी ती मांडली. स्नायू नीट बांधण्यावर पुढच्या काळात भर आला, फ्रान्समधल्या नांत शहरातले झाँ देलेर यांचं त्यात मोठं नाव. तुम्ही सर्जनना एवढंच विचारा, "स्नायू नाकापासून पूर्ण सोडवून मधे जोडणार ना?"

वेळेबद्दल दहाचा जुना नियम अजून बऱ्याच ठिकाणी पाळतात : दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन दहा. भूल सुरक्षित व्हावी हा त्यामागचा हेतू.

आजोळ

माझ्या नातीला असाच ओठ आहे. तिची आई गरोदर असताना ग्रहण होतं आणि त्या दिवशी तिने विळीवर भाजी चिरली, म्हणून असं झालं असं आमच्याकडे सगळे तिला बोलतात. ती पोर रडून रडून अर्धी झाली आहे. डॉक्टर, यात काही तथ्य आहे का? मी वयाने मोठी आहे, माझं घरात ऐकतात. खरं काय ते सांगा, मी सगळ्यांना सांगेन.

कृष्णाकाठ

काकू, काही तथ्य नाही. हे ठामपणे सांगा. ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास बनून पूर्ण झालेला असतो, पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. त्यानंतरच्या ग्रहणाचा ओठाशी संबंध जोडायला जागाच उरत नाही, आणि त्याआधीच्याही ग्रहणाने किंवा विळीने गर्भाच्या पेशींना काही होत नाही. जगभरात साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. जिथे ग्रहण कुणी पाळत नाही तिथेही.

कारणं बहुतेक वेळा अनेक असतात : काही जनुकं, त्यांवर आईच्या शरीरातल्या परिस्थितीचा परिणाम. सिगारेटचा धूर, फिटची काही विशिष्ट औषधं, यांनी धोका वाढतो. पण बहुतेक आयांच्या बाबतीत बोट ठेवण्यासारखं काहीच सापडत नाही. फिटचं औषध चालू असेल तर ते मनाने बंद करायचं नाही, दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलून बदलायचं.

सुनेला जवळ घेऊन सांगा की तिच्या हातून काही झालेलं नाही.

आजोळ

आज रात्रीच सांगते. देव तुमचं भलं करो.

स्वरमीरा

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. अबोलीने बोलण्याबद्दल विचारलं होतं, ते राहून गेलं म्हणून लिहिते.

फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बोलणं बहुतांशी नीटच येतं. 'प' 'फ' 'ब' 'भ' 'म' ओठांचे आहेत, ऑपरेशननंतर मुलं ते सहज शिकतात. बोलण्याचा खरा प्रश्न येतो टाळूचा, आणि तिथेही गोष्ट स्नायूचीच आहे.

मऊ टाळूत एक स्नायू दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध एकमेकांना मिळतो आणि आडवा झोळ तयार करतो. 'क', 'ट', 'प', 'स' म्हणताना तो टाळू वर आणि मागे उचलून नाकाचा रस्ता बंद करतो. टाळू दुभंगलेली असेल तर हे दोन स्नायू मधे न मिळता पुढे वळतात आणि कडक टाळूच्या मागच्या कडेला चिकटतात. गेल्या शतकात व्हिक्टर व्हो या फ्रेंच सर्जननी ही रचना नीट वर्णन केली, अजूनही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. अशा टाळूचं वरचं अस्तर नुसतं शिवलं तर भोक बंद होतं, पण स्नायू पुढेच ओढत राहतो. टाळू उचललीच जात नाही, हवा नाकातून सुटते, मूल गेंगाणं बोलतं. म्हणून आता टाळूच्या ऑपरेशनमध्येही स्नायू सोडवून मागे फिरवतात आणि मधे जोडतात. हे साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, बोलणं जोर धरण्याआधी झालेलं बरं.

टाळूचाच दुसरा एक स्नायू कान आणि घसा यांना जोडणारी नळी उघडतो. तो नीट बसलेला नसला की कानात पाणी साचतं. टाळू दुभंगलेल्या बहुतेक बाळांना हा त्रास होतो, आणि तो दुखत नाही म्हणून कळत नाही. ऐकू कमी आलं की बोलणं आणखी मागे पडतं. अशा बाळांची कानांची तपासणी पहिल्या काही महिन्यांत झालीच पाहिजे आणि पुढेही होत राहिली पाहिजे.

पाजण्याबद्दल, टाळू दुभंगलेल्या बाळांच्या आयांसाठी : त्या बाळाला तोंडात ओढ निर्माण करता येत नाही, म्हणून ते तासन्तास चोखतं आणि उपाशी राहतं. आपलं घरचं बोंडलं किंवा वाटी-चमचा घ्या, काढलेलं दूध बाळाला बसतं धरून थोडं थोडं द्या, मधेमधे ढेकर काढा. नाकातून दूध आलं तर घाबरू नका, थांबा, पुसा, पुन्हा द्या. वजन दर आठवड्याला करा.

ढगफुटी

अप्रतिम धागा, वाचनखूण साठवली. खर्चाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरपासूनच सुरू झाला आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्यात येतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा, त्यांचं पथक जिल्हा रुग्णालयात पाठवतं. शिवाय स्माइल ट्रेन ही संस्था ठिकठिकाणच्या रुग्णालयांमार्फत ही ऑपरेशनं मोफत करवते. आमच्या तालुक्यातल्या एका मजूर कुटुंबाच्या मुलीचं असंच झालं, एक रुपया लागला नाही.

अबोली_सातारा

हा धागा वाचल्यापासून मी सगळ्यांच्या ओठांकडे बघते आहे. काल जेवताना ह्यांच्याकडे नीट पाहिलं, तर ह्यांच्याही वरच्या ओठावर डावीकडे एक अगदी पुसट उभी रेष आहे आणि लाल कडेला बारीकशी खाच. सासूबाई म्हणतात, जन्मापासूनच आहे, पडल्याबिडल्याची खूण नाही. याचा बाळाशी संबंध असेल?

कृष्णाकाठ

असू शकतो. याला सूक्ष्म दुभंग म्हणता येईल. सांधा जुळला, पण अगदी शेवटी थोडी कसर राहिली. वरून पुसट रेष, लाल कडेला खाच, नाकपुडी किंचित सपाट, आणि आत स्नायूत बारीक खंड. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा कुटुंबांतल्या वरवर धडधाकट नातेवाइकांच्या ओठांची सोनोग्राफी केली, तेव्हा त्यांच्यातल्या काहींच्या ओठाच्या स्नायूत कातडीखाली खंड सापडले, बाहेरून काहीही दिसत नसताना.

तुम्हाला याचा उपयोग पुढच्या बाळाच्या वेळी. आईवडील दोघेही धड असतील आणि एका मुलाला दुभंग असेल तर पुढच्या मुलाला तो असण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच असते. वडिलांनाही खूण असेल तर ती वाढते. जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना एकदा भेटा. त्याआधी ह्यांच्या आणि बाळाच्या खालच्या ओठावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक खड्डे आहेत का ते बघा. असतील तर तो एक वेगळा आनुवंशिक प्रकार असतो, त्यात प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

अबोली_सातारा

दोघांच्याही खालच्या ओठावर खड्डे नाहीत. भेटून येऊ.

चिंचेचंपान

स्वरमीरा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला आहे. माझी मुलगी पाच वर्षांची. ओठ, टाळू सगळं व्यवस्थित, निदान आम्हाला तसंच वाटत होतं. पण लहान असताना दूध नाकातून यायचं, आणि बोलणं अजून गेंगाणं आहे. 'काकडी' म्हणते ते घरच्यांनाच कळतं. सतत सर्दी, कानाचा त्रास. कानाच्या डॉक्टरांनी अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वर असणाऱ्या गाठी) वाढलेत, काढून टाकू म्हणून सांगितलंय, तारीखही ठरली आहे. आत्ता टॉर्च लावून 'आ' करायला सांगितलं तर तिची पडजीभ टोकाला दोन भागांत दुभंगलेली दिसली. हे काय असेल?

स्वरमीरा

ताई, हा प्रतिसाद वाचल्यावर पहिलं काम करा : ऑपरेशनआधी डॉक्टरांना फोन करून पडजिभेबद्दल आणि गेंगाण्या बोलण्याबद्दल सांगा.

टाळूचा एक झाकलेला दुभंग असतो. वरचं अस्तर अखंड, म्हणून तोंडात पाहिलं तर भोक दिसत नाही, पण आतला स्नायू मधे जुळलेला नसतो. त्याच्या तीन खुणा : दुभंगलेली पडजीभ, मऊ टाळूच्या मधोमध निळसर पातळ पट्टा, आणि कडक टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच. नुसती पडजीभ दुभंगलेली असणं पुष्कळ निरोगी लोकांतही आढळतं, तेवढ्यावरून काही ठरवू नका. पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी, नाकातून दूध, गेंगाणं बोलणं, कानाचा त्रास, त्या जोडीला असतील तर तपासून घ्यायलाच हवं.

घाई यासाठी की अशा मुलांत अ‍ॅडेनॉइड मागून जागा भरून टाळूला मदत करत असतात. आखूड किंवा कमजोर टाळू वर जाऊन त्यांच्यावर टेकते. ते काढले की मधली जागा मोठी होते आणि गेंगाणेपणा एकदम वाढू शकतो.

कृष्णाकाठ

स्वरमीरांना पूर्ण अनुमोदन. कानाच्या डॉक्टरांना दोष देऊ नका, झाकलेला दुभंग भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. ओठ-टाळूवर काम करणारं पथक जिथे असेल तिथे दाखवा. नाकातून बारीक दुर्बीण घालून, मूल बोलत असताना टाळू कितपत मिटते ते पाहतात. मग पुढचं ठरतं.

अबोली_सातारा

मंडळी, बाळाचं ऑपरेशन होऊन आता महिना होत आला. मधे लिहायला जमलं नाही. शुद्धीवर आल्यावर थोड्याच वेळात पाजू दिलं. पहिल्यांदा रडला तेव्हा मी त्याच्या नाकपुडीकडेच बघत होते. फुगवटा आला नाही. पूर्ण ओठ एकत्र थरथरला.

पण आता व्रण लालभडक आणि कडक झालाय, आणि ओठ त्या जागी पुन्हा वर खेचल्यासारखा दिसतो. सासरी सगळे म्हणताहेत, टाके बिघडले. बिघडलंय का?

कृष्णाकाठ

बिघडलेलं नाही. चौथ्या आठवड्यापासून दोन-तीन महिन्यांपर्यंत व्रण आकसतो, लाल होतो, ओठ वर ओढला जातो. मग हळूहळू सैलावतो, सहा महिने ते वर्षभर हा बदल चालू राहतो. पालकांना याच काळात सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

जखम पूर्ण भरली आहे असं तुमच्या सर्जननी पाहिलं असेल तर मालीश सुरू करा. हात धुऊन, बोटाला थोडं साधं मलम लावून, अंगठा ओठाच्या आत आणि बोट व्रणावर ठेवून घट्ट पण हळू दाब द्या, वरून खाली. कातडीवर बोट घासायचं नाही, कातडीसकट खालचा व्रण हलला पाहिजे. दिवसातून काही वेळा, पाजून झाल्यावर बाळ शांत असताना. उन्हात नेताना झाका, नाहीतर व्रण काळवंडतो.

रानपाखरू

अबोली, "पूर्ण ओठ एकत्र थरथरला" हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं.

चिंचेचंपान

कळवायला उशीर झाला. कानाच्या डॉक्टरांनी पडजीभ पाहिली, टाळूवर बोट फिरवलं आणि लगेच ऑपरेशन थांबवलं. त्यांनीच पुढे चिठ्ठी दिली. पुण्यात दुर्बिणीने तपासलं, झाकलेला दुभंग आहे. टाळूचा स्नायू मागे नेऊन जोडायचा ठरलाय, कानातलं पाणीही त्याच वेळी काढतील. नंतर वाचा-उपचार किती दिवस लागतील, ताई?

स्वरमीरा

बहुधा महिनोन्महिने, काही मुलांना त्याहून जास्त. ती पाच वर्षं चुकीच्या जागेवरून आवाज काढायला शिकली आहे, स्नायू जोडल्यावर जीभ आणि ओठ आपोआप नवी जागा शिकत नाहीत. ऑपरेशनआधी एकदा तिच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करून ठेवा, 'काकडी', 'पापड', 'टोपी', 'बाबा' असे शब्द आणि एक ते दहा आकडे. आधीचं आणि नंतरचं बोलणं ताडून पाहायला लागतं. रेकॉर्डिंग झालं की मला व्यक्तिगत निरोप करा, तुमच्या जवळपास कोण आहे ते शोधून देते.